अभ्यासिकेत अडकलेले इलेक्ट्रिशियन

संपादक महाशय,

पोलीस भरतीची नुसती कुणकुण लागली, की आमच्या मानेवाडा रिंगरोडवर पहाटे पोट्टे धावायला लागतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटरच्या धावण्याला, म्हणून सेकंदासेकंदाचा हिशेब. दिवसभर अभ्यासिका, रात्री टेस्ट सिरीज. मेहनतीत ही मुलं कुठेच कमी नाहीत. पण जागा मोजक्या, आणि खुल्या प्रवर्गाला २८ व्या वर्षी दार बंद.

मी आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून निवृत्त झालो. दोन वर्षं मोटर वाइंडिंग, पॅनल वायरिंग शिकलेले माझे कितीतरी विद्यार्थी आज सामान्य ज्ञान घोकत बसलेत. इकडे २०२४ मध्ये घराच्या छतावर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि नागपूरच्या उन्हाला भाव आला. काम करणारे मात्र कच्चे. शेजारच्या सोलरची अर्थिंगची तार जमिनीत उतरवण्याऐवजी चक्क गच्चीच्या रेलिंगला गुंडाळलेली मी पाहिली!

मग शिकलेली मुलं या कामाला का जात नाहीत? ठेकेदार पगाराची स्लिप देत नाही, पीएफ भरत नाही. शिवाय सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न ‘सरकारी आहे का?’ (परिचय मेळाव्याची पुस्तिका कुणीही उघडून पाहावी.) त्यामुळे मुलांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सरकारने २०२४ मध्येच युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणानुसार महिना सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा झाली. माझ्या ओळखीतला एक फिटर तेवढे दिवस एका कार्यालयात झेरॉक्स काढत होता. त्यातून तो काय शिकला असेल?

महापालिकेने आपल्या अभ्यासिकांत महिन्यातून एक संध्याकाळ बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखानदारांना बोलवावं. अप्रेंटिसशिप कुठे आहे, वायरमनचा परवाना कसा काढायचा, मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटातून अवजारांसाठी ५० हजारांपर्यंत कर्ज कसं मिळतं, हे तिथेच समजावून द्यावं. पगार आणि पीएफ लेखी देणाऱ्यालाच त्या दिवशी खुर्ची द्यावी. आणि आपल्या दैनिकात भरतीच्या बातम्यांना ठळक जागा मिळते, त्यांच्या शेजारी दर आठवड्याला जिल्ह्यातल्या अप्रेंटिसच्या रिकाम्या जागाही छापाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त आयटीआय निदेशक, मानेवाडा, नागपूर