खिडकी एक झाली, खोडरबर कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या अर्थसंकल्पात ‘भारतट्रेडनेट’ची, म्हणजे आयात-निर्यातीच्या कागदांसाठीच्या एकाच सरकारी मंचाची, घोषणा झाली, तेव्हापासून सोसायटीतले लोक मला मधूनमधून विचारतात, “काय मावशी, आता सगळे एकाच खिडकीत होणार म्हणे. मग तुमचे काम काय राहिले?” मी चिंचवडला राहते आणि लहान निर्यातदारांचे डॉक्युमेंटेशन घरून बघते. त्याआधी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एक्स्पोर्ट सेक्शनमध्ये सव्वीस वर्षे काढली. आयात-निर्यातीचे सगळे कागद एकाच सरकारी दारातून जाणार असतील तर सर्वांत आधी पेढे मी वाटीन. पण या खिडकीबद्दल जे काही बोलले जाते ते माहिती भरण्याबद्दल असते. माझा जीव जातो तो भरलेली माहिती दुरुस्त करताना.

एक प्रसंग सांगते. चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते.

उरुळी कांचनच्या बाजूला एक नवरा-बायको लोणची, पापड आणि गोडा मसाला करतात. गेल्या वर्षी त्यांचा माल दुबईला निघाला. क्लिअरिंग एजंटने शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र) दाखल करण्याआधी नेहमीप्रमाणे चेकलिस्ट, म्हणजे त्याचा तपासायचा मसुदा, व्हॉट्सॲपवर पाठवली. मी तेव्हा पीएमपीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभी. नाशिक फाट्याजवळ मोबाइलवर वरवर नजर टाकली, नाव, पत्ता, बरण्यांची संख्या पाहिली आणि ‘ओके’ टाकले. पॅकिंग लिस्टवर निव्वळ वजन होते १४८० किलो. चेकलिस्टवर झाले होते १८४०. आकडे तेच, फक्त दोन जागा बदललेले. माल गेला, जहाज सुटले, बिल ऑफ लेडिंगही (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) शिपिंग बिलाबरहुकूम १८४० चेच तयार झाले. ओरिजिन सर्टिफिकेटचा (माल भारतातलाच असल्याच्या दाखल्याचा) अर्ज मात्र मी घरी बसून पॅकिंग लिस्टवरून भरला होता, त्यामुळे तिथे बरोबर १४८०.

म्हणजे चार कागद, त्यात दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. तिकडच्या बंदरात गिऱ्हाइकाच्या माणसाने विचारले, खरे वजन कोणते? सवलतीच्या दरासाठी ओरिजिन सर्टिफिकेट लागते (भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे), आणि त्यावरचे वजन बाकीच्या कागदांशी जुळत नव्हते. माल अडकला.

पुढचे अकरा दिवस मी काय केले ते लिहिते. बिल ऑफ लेडिंग बदलायचे तर जहाज कंपनीच्या एजंटला मूळ तिन्ही प्रती परत हव्या, हमीपत्र हवे, शुल्क हवे. आणि मूळ प्रती कुरिअरने दुबईला पोचलेल्या. शिवाय त्यांचे म्हणणे, आधी दुरुस्त झालेले शिपिंग बिल दाखवा. शिपिंग बिल दुरुस्त करायचे तर जहाज सुटल्यावर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली परवानगी लागते. तिथल्या टेबलावर विचारणा झाली, बिल ऑफ लेडिंगवर काय वजन आहे? आता हे कोंबडी आधी की अंडे आधी असे झाले. वजनकाट्याची पावती, पॅकिंग लिस्ट, खुलासापत्र, पुन्हा खुलासापत्र. बँकेत आधीच गेलेल्या कागदांवरचे वजन वेगळे, म्हणून तिथे एक पत्र. सर्वांत गंमत ओरिजिन सर्टिफिकेटची. तेवढे एकच बरोबर होते, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तरीही ते बरोबर आहे असे लिहून द्यायला सांगितले गेले. आणि या सगळ्यात पैशाचा एक रुपयाचाही फरक नव्हता, कारण किंमत बरणीवर ठरली होती, किलोवर नव्हे.

मध्ये ओटीपीचा खेळ वेगळाच. लॉगिन उरुळीच्या त्या जोडप्याच्या नावाचे, मोबाइल वहिनींचा. मी चिंचवडहून फोन करते, “वहिनी, ओटीपी आला का?” त्या तिकडे फोडणीसमोर, हात मसाल्याने माखलेले. हात पुसून, चष्मा शोधून आकडे वाचेपर्यंत वेळ संपते. एका संध्याकाळी असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी त्यांनी धाकट्या मुलाला फोनजवळ बसवले आणि तो मला अंक शाळेतल्या पाढ्यासारखे ओरडून सांगू लागला.

मी कामाला लागले १९९० मध्ये. टाइपरायटर, पाच-सहा प्रती, मध्ये कार्बन. रिझर्व्ह बँकेचा जीआर फॉर्म वेगळा, एक्साइजचा एआर-४ वेगळा. आमचा शिपाई पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने व्हीटीला जायचा आणि तिथून बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसला. आकडा चुकला तर तो दिवस गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा सिंहगड. ते दिवस परत यावेत असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण एक गोष्ट होती. सगळ्या प्रती एकाच फाइलमध्ये असायच्या. साहेबांनी एका टेबलावर आकडा खोडून वर सही-शिक्का केला की तो सगळ्या प्रतींवर व्हायचा. आज प्रती वेगवेगळ्या संगणकांत राहतात आणि त्यांची एकमेकींशी ओळख नाही.

सुधारणा झाल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने आयात आणि निर्यातीसाठी सक्तीचे कागद प्रत्येकी तीनवर आणले. १ एप्रिल २०१६ पासून कस्टम्सची ‘स्विफ्ट’ ही एक खिडकी आयातदारांसाठी सुरू झाली. अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती आणि प्राणी क्वारंटाइन वगैरे सहा खात्यांना जी माहिती वेगवेगळी द्यावी लागे, ती एकाच घोषणापत्रात आली. २०१८ पासून ‘ई-संचित’वर कागद अपलोड होतात, बाडे घेऊन धावावे लागत नाही. ऑक्टोबर २०२० अखेर चेहराविरहित तपासणी देशभर झाली, म्हणजे न्हावा-शेवाला उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. या सगळ्याचा मला रोज फायदा होतो. निर्यातीकडे मात्र अजून खिडक्याच खिडक्या आहेत. त्याच घरात, त्याच हातांनी केलेल्या मालात लोणचे-पापड अपेडाकडे (शेतमाल आणि खाद्यपदार्थांच्या निर्यातीची सरकारी संस्था) आणि गोडा मसाला स्पायसेस बोर्डाकडे. नोंदण्या दोन, पोर्टले दोन, पासवर्ड दोन, आणि दोन्हीकडे तोच पत्ता मी पुन्हा टाइप करते. पहिले तीन कागद तीनच राहिले, त्यांच्या पाठीमागची वरात कोणी मोजली नाही.

आता दुरुस्तीकडे येते. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. त्यानंतर निर्यातदारांचे आयजीएसटीचे (निर्यातीच्या मालावर भरलेल्या जीएसटीचे) परतावे अडकले, तेव्हा एक शब्द पुण्यातल्या प्रत्येक एक्स्पोर्ट टेबलवर शिवीसारखा वापरला गेला: ‘एसबी-००५’. अर्थ एवढाच, की जीएसटीच्या विवरणपत्रातला इन्व्हॉइस नंबर आणि शिपिंग बिलावरचा नंबर जुळत नाही. एकीकडे तिरकी रेघ, दुसरीकडे आडवी. नाहीतर इन्व्हॉइसच दोन, एक जीएसटीचे आणि एक परदेशी गिऱ्हाइकाला दिलेले, आणि शिपिंग बिलावर दुसऱ्याचा नंबर गेलेला. माल खरा, कर भरलेला, परकीय चलन बँकेत आलेले, आणि एका रेघेपायी खेळते भांडवल महिनोन्महिने बंद. चूक करायला सगळ्यांना वाट होती, सुधारायला कोणालाच नव्हती. शेवटी २०१८ मध्ये अधिकाऱ्यांना अशा नोंदी जुळवून देण्याची सोय करावी लागली आणि मार्चमध्ये कस्टम्सने परताव्यासाठी खास पंधरवडा पाळला. म्हणजे दुरुस्तीची वाट काढता येते. ती नंतर, आरडाओरडा झाल्यावर निघते, एवढेच.

न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले १९८९ च्या मे महिन्यात. त्याच वर्षी १ जानेवारीपासून सिंगापूरमध्ये ‘ट्रेडनेट’ ही एक खिडकी चालू होती. त्यांचे बंदर आणि आपला देश यांची तुलना सरळ होत नाही, हे मलाही कळते. पण जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराला आपण २०१६ मध्ये मान्यता दिली आहे आणि तो २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमात एक खिडकी उभारण्यासाठी ‘प्रयत्न करावा’ असे मोघम लिहिले आहे. वकिलांची भाषा, चालायचेच. त्याच्याच खाली मात्र स्पष्ट आहे, की खिडकीतून एकदा मिळालेली माहिती किंवा कागद सहभागी खात्यांनी तातडीचे आणि मोजके जाहीर अपवाद सोडून पुन्हा मागू नयेत. माझी मागणी याच्या एक पाऊल पुढे आहे: एकदा मंजूर झालेली दुरुस्तीही पुन्हा मागू नये.

अधिकाऱ्यांना संशय का येतो हे मी समजू शकते. माल न पाठवता परतावे लाटणारे महाभाग याच धंद्यात आहेत, आणि नंतर वजन बदला म्हणणारा प्रत्येक जण बसमधल्या माझ्यासारखा वेंधळाच असेल असे नाही. म्हणून दुरुस्तीला मंजुरी हवीच, कोणी, कधी, काय बदलले याची नोंदही हवी. फक्त ती मंजुरी एका जागी मिळावी आणि शिपिंग बिलाच्या नंबराला धरून जीएसटी, बँक, ओरिजिन सर्टिफिकेट आणि जहाज कंपनीपर्यंत आपोआप पोचावी. नवीन खिडकीचा आराखडा करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हे त्यात घालावे. आणि नमुन्यादाखल कोणाला बसवायचे असेल तर मोठ्या कंपनीच्या लॉजिस्टिक्स विभागाला नको. त्यांच्याकडे चेकलिस्ट तीन जण वाचतात. उरुळीच्या वहिनींना बसवा, ओटीपीसकट.

माल शेवटी सुटला. तिकडच्या गोदामाचे भाडे मी माझ्या बिलातून वळते करून घ्या म्हटले. त्यांनी निम्मेच घेतले आणि वर लिंबाच्या लोणच्याची एक बरणी पाठवली. येत्या सोमवारी त्यांचा पुढचा माल निघतो आहे. चेकलिस्ट आली की एजंटला कळवले आहे, बसमधून उत्तर मिळणार नाही. घरी जाऊन, चष्मा लावून, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचेन, मगच ‘ओके’.

आपली,
एक वाचक, चिंचवड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)