'हुशार' आणि 'ढ' हे शिक्के मारणं थांबवा

संपादक साहेब, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात एकच चर्चा, अमक्याचा पोरगा उपजतच हुशार आणि आपलं कार्टं ढ. माझ्या पोरीला सातवीत एका सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की गणित तुझ्या डोक्यातच नाही, तेव्हापासून वहीच उघडेना ती. मग शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशी तिला म्हणाल्या, अगं मला सुरुवातीला दिवसाला शंभर पण जमत नव्हत्या, पानं फाटायची, आता टीव्ही बघत बघत हजार होतात. झालं, पोरगी रोज पाच गणितं करायला लागली, चुकलं की खोडून परत. नववीत ६८ पडले, लई नाहीत, पण तिच्या घामाचे आहेत.

आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथं जाऊन चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत पोरांना डॉक्टरी शिकवली, ती काय जन्मतः येत होती का त्यांना? (हुशार होतेच, नाही म्हणत नाही.) शाळांनी निदान पहिल्या बाकावर फक्त 'स्कॉलर' बसवायचं तरी बंद करावं.

एक पालक, सोलापूर