उपग्रह फोन वाचतो, भागधारक बुडतो

मा. संपादक,
स. न.

अडचणीतल्या उपग्रह फोन कंपन्यांचे शेअर आता सांगलीत बसून मोबाइलवरून घेता येतात आणि नुकती नोकरीला लागलेली मुले ते घेतातही. महापुरात टॉवर बंद पडतात, तेव्हा अशा फोनची गरज राहणारच, कंपनी बुडेल कशी, असे ती म्हणतात. गरज खरी आहे. पण त्यातून भागधारकाला काही मिळेलच असे नाही, म्हणून हे पत्र.

मोटोरोलाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इरिडियमने ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर सुमारे ५ अब्ज डॉलर घातले. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. फोन सुमारे ३ हजार डॉलरचा, तोही इमारतीत चालेना. ग्राहक आले नाहीत, व्याज मात्र थांबले नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. २००० च्या अखेरीस सगळी मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली. घेणाऱ्याच्या डोक्यावर जुने कर्ज नव्हते, म्हणून सेवा आजही चालू आहे. जुन्या भागधारकांच्या हाती काहीच आले नाही. आपल्या देशातल्या मोठ्या वित्तसंस्थांचाही त्यात पैसा होता. इरिडियम इंडियाने मोटोरोलावर केलेला फसवणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१० मध्ये निकालही आला, पण तो कंपनीवर असा खटला चालू शकतो एवढाच. त्याने कुणाचे भांडवल परत आले नाही.

ग्लोबलस्टार या दुसऱ्या उपग्रह फोन कंपनीत ॲपलने २०२४ मध्ये पैसा घातला, हा दाखला हमखास दिला जातो. पण २००२ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या ग्लोबलस्टारचे जुने भागधारक आणि आजचे भागधारक वेगळे.

कर्जबाजारी साखर कारखाना भाड्याने गेला तरी धुराडे पेटते. सभासदाच्या भागभांडवलाचे काय होते, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. दिवाळखोरीत आधी तारण घेतलेले सावकार, मग इतर घेणेकरी आणि रांगेत सर्वांत शेवटी भागधारक. आपल्याकडच्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्येही हाच क्रम आहे. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या भागधारकांनी तो २०२१ मध्ये भोगला.

उपग्रहांचे तर आयुष्यही ठरलेले. जुने निवृत्त झाले की नवे सोडायला पुन्हा कर्ज किंवा नवे शेअर. दोन्हींचा भार जुन्या भागधारकावरच.

म्हणून विनंती: अशा कंपनीची बातमी छापताना शेअरच्या भावाशेजारी तिच्यावर कर्ज किती आणि ते कोणत्या साली फेडायचे आहे, एवढे जरूर छापावे. घेणाऱ्या मुलांनीही आधी कंपनीच्या अहवालातले हे कर्जाचेच पान उघडावे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली