सूचना : पुस्तकांच्या पीडीएफ आणि टॉरेंट दुव्यांबाबत

वाचक मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, प्रताधिकार (कॉपीराइट) शिल्लक असलेल्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ किंवा त्यांचे टॉरेंट दुवे (इतरांच्या संगणकांवरून फाइल उतरवून घेण्याचे दुवे) यापुढे समूहावर पाठवू नयेत. ‘मी फक्त उतरवून घेतले, कोणाला दिले नाही’ असे काही सभासद म्हणतात. परंतु बिटटॉरेंटमध्ये, म्हणजे हे दुवे ज्या पद्धतीने चालतात तिच्यात, फाइलचे जे तुकडे आपल्याकडे येतात, तेच त्याच वेळी आपल्या संगणकावरून इतरांकडे जाऊ लागतात आणि आपला आयपी पत्ताही (आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) त्यांना दिसतो, त्यामुळे घेणारा नकळत वाटणाराही ठरतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ अन्वये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. मात्र शिक्षेपेक्षाही, मराठीत एक आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षे लागत असताना लेखकाचे आणि छोट्या प्रकाशकाचे नुकसान वाचकांच्याच हातून व्हावे, याचे मंडळाला मनापासून वाईट वाटते.

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. म्हणून १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके अवश्य पाठवावीत. शंका असल्यास आधी चिटणीसांना विचारावे.

– कार्यकारिणी