स्टार मोजून नोकरी देणार का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत इंजिनीअरिंगच्या मुलांना सल्ला दिलाय, गिटहबवर (प्रोग्रामर आपला कोड जिथं ठेवतात ती वेबसाइट) स्टार वाढवा म्हणजे कंपन्यांचं लक्ष जातं वगैरे. मी गेली सोळा वर्षं पुण्यात कोड लिहून पोट भरतोय, म्हणून लिहावंसं वाटलं, जमलं तर छापा.

मुळात एखादा प्रोजेक्ट आवडला किंवा नुसता 'नंतर बघू' म्हणून ठेवायचा असला की स्टारचं बटण दाबतात, बास. वापरून बघितलाय असं त्यात कुठंच येत नाही. मी स्वतः शेकड्यांनी दिलेत, निम्मे परत उघडले पण नाहीत. पण आकडा नावाशेजारीच दिसतो, त्यावरून प्रोजेक्ट ट्रेंडिंगला, म्हणजे सध्या गाजणाऱ्यांच्या यादीत, चढतो आणि ट्रेंडिंगला दिसला म्हणून आणखी मिळतात.

२०२२ मध्ये एचटीटीपाय नावाच्या टूलचं काय झालं बघा. ते बनवणारे दुसरीच रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) प्रायव्हेट करायला गेले आणि चुकून टूलची मुख्य रिपॉझिटरीच प्रायव्हेट झाली, आणि गिटहबवर पब्लिकची प्रायव्हेट केली की स्टार पुसले जातात. दहा वर्षांत जमलेले ५४ हजार गेले, परत पब्लिक केली तरी आले नाहीत. कोडमधली एक ओळ हलली नव्हती हो.

आता तर ते विकतही मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधलं तर ४५ लाख संशयास्पद स्टार निघाले, त्यातले बरेच गेम चीट, फुकट सॉफ्टवेअर असं सांगून मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, गळ्यात मारणाऱ्या प्रोजेक्टना. आमच्या घरी पैसे लागले नाहीत. भाच्यानं फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली 'प्लीज सगळ्यांनी स्टार द्या', प्रोजेक्ट कसला तर टू-डू लिस्ट, आणि माझ्या बहिणीनं तेवढ्यासाठी अकाउंट काढलं, गिट म्हणजे काय ते तिला विचारू नका. वर्गात तर तू मला दे मी तुला देतो, सगळं साटंलोटं.

आणि ज्यावर जग चालतं त्या कोडकडे कोण बघतं? एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी (दुसऱ्या सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार कोड) बहुतेक सगळ्या लिनक्स कॉम्प्युटरांमध्ये असते, ती वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. खोट्या वाटणाऱ्या अकाउंटांनी मेलवर त्याच्यामागे तगादा लावला, मदतीला म्हणून आलेल्यानं हळूहळू कोड बदलायचे हक्क मिळवले आणि आत चोरवाट करून ठेवली. मार्च २०२४ मध्ये ती सापडली ती कशी, तर एका इंजिनीअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मागेच लागला.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला कोणी आलं की मी स्टार बघत नाही, त्यानं कुठं एखादा बग, म्हणजे कोडमधली चूक, नोंदवलाय का, तिथं समोरच्याशी कसा बोललाय, ते उघडून विचारतो. भाच्यालाही हेच सांगितलं. तर म्हणतो, मामा, कॉलेजच्या प्लेसमेंट फॉर्ममध्ये स्टारचा रकाना आहे, बगचा नाही.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे