चौथ्या क्वार्टरच्या भरपाईबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
सीझन तिकीट विभाग

विषय : पैसे भरलेल्या सामन्यांत चौथा क्वार्टर (सामन्याचा शेवटचा चतुर्थांश) न मिळाल्याची तक्रार
संदर्भ : सदस्यत्वाच्या नूतनीकरणाबाबत आपले पत्र

महोदय,

आपलं पत्र मिळालं. 'आमच्या बास्केटबॉल कुटुंबातील प्रिय सदस्यास' अशी त्याची सुरुवात आहे. दर वाढवल्याची बातमी दुसऱ्या परिच्छेदात आहे आणि त्याचं कारण तिसऱ्यात : संघाचं भविष्य म्हणे इतकं उज्ज्वल कधीच नव्हतं. असेलही. पण मी पैसे भरले होते ते गेल्या ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतच्या सामन्यांचे, आणि ही तक्रार त्या मालाची आहे.

हे पत्र 'नाराज चाहते' अशा एखाद्या फायलीत जाऊन पडू नये म्हणून आधीच सांगतो, संघ हरला म्हणून मी लिहीत नाहीये. हरण्याची मला सवय आहे. या दोन खुर्च्या नऊ वर्षं माझ्या नावावर आहेत आणि त्यातली सहा वर्षं मी प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या, घरी बसून, दुसऱ्यांचे पाहिले. एनबीएच्या, म्हणजे आपल्या या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या, 82 सामन्यांच्या मोसमात कुणीतरी तळाला असणारच. 2023-24 मध्ये डेट्रॉइटचा संघ लागोपाठ 28 सामने हरला. एकाच मोसमात इतके सलग पराभव त्याआधी कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. त्यातला अठ्ठाविसावा मी जागून पाहिला. समोर बॉस्टन, तेही त्यांच्याच घरात, आणि पुढे त्या वर्षीचं विजेतेपद बॉस्टननेच घेतलं. तरी डेट्रॉइटने मध्यंतरापर्यंत चांगली आघाडी घेतली होती. सामना बरोबरीत सुटून ओव्हरटाइमला, म्हणजे जादा वेळेत, गेला, तिथे हरले. सत्तावीस वेळा मार खाल्लेली माणसं अठ्ठाविसाव्या वेळी सुटलेल्या चेंडूवर झेप घेत होती. असल्या पराभवाचं तिकीट मी आजही काढीन, रांगेत उभा राहून काढीन.

आपण मला विकलंत ते वेगळं होतं.

फेब्रुवारीत ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू बदलण्याची, मुदत संपायच्या दिवशी आपण आमचा सेंटर, बास्केटखाली खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, दुसऱ्या संघाला देऊन टाकला. बदल्यात दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) आले आणि ज्याचा करार उन्हाळ्यात संपणार होता असा एक खेळाडू, जो आमच्याकडून एकही मिनिट खेळला नाही. ठीक आहे, धंदा आहे. संघबांधणीतलं मला आपल्या जनरल मॅनेजरइतकं कळत नाही. मात्र एप्रिलपर्यंत फोनवर तिकीट उघडलं की त्याच सेंटरचा फोटो दिसायचा, बास्केटच्या रिंगला लोंबकळताना. निदान तो बदलायला हवा होता. दारावर स्कॅन करणारा मुलगा एकदा म्हणाला, "सर, हे तर गेले ना?" मी काय उत्तर देणार?

त्यानंतर सुरू झाली दुखापतींची साथ. गुडघ्याला सूज, पाठीत उसण, 'दुखापत व्यवस्थापन'. या शेवटच्या शब्दाचा अर्थ मी तीनदा वाचूनही मला उमगलेला नाही, कारण ज्याचं व्यवस्थापन चाललं होतं तो खेळाडू त्याच संध्याकाळी सरावाच्या वेळी मजेत डंक करत, म्हणजे उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबत, होता. घरच्या 41 सामन्यांपैकी 38 मी प्रत्यक्ष पाहिलेत. कोण कधी लंगडत होतं आणि कोण नव्हतं, हे एवढ्या हजेरीनंतर कळायला लागतं.

आता मूळ मुद्दा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. आम्ही गुणतक्त्यात खालून तिसरे, समोरचा संघ खालून चौथा. त्या दिवशी मी भाचीला घेऊन गेलो होतो. ती दहा वर्षांची आहे, शाळेच्या संघात नुकतीच घेतली गेली आहे आणि रिबाउंडच्या वेळी, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू पकडताना, प्रतिस्पर्ध्याला पाठीने कसं अडवायचं, हे मला घरी सोफ्यापाशी शिकवते. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. चौथा सुरू झाला आणि पहिल्या पाचातले तिघे अंगावर जॅकेट चढवून बेंचवर बसले. कुणी लंगडत नव्हतं, कुणाला बर्फ लावलेला नव्हता. आमचा पॉइंट गार्ड, सगळा खेळ चालवणारा, डोक्यावर टॉवेल घेऊन बसला, तो शेवटपर्यंत. सहा मिनिटांत नऊची आघाडी जाऊन आम्ही पाच गुणांनी मागे.

मैदानावर त्या वेळी एक मुलगा होता. दहा दिवसांच्या करारावर आलेला, कराराचा आठवा दिवस. त्याचं नाव मी लिहीत नाही, आपल्याला माहीत आहे, किंवा नसेलही. आता थोडं हरायचं आहे हे त्याला कुणी सांगायचं विसरलं असावं. त्याने एक पास मधल्यामध्ये तोडला आणि कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर घातला. पुढच्याच वेळी पुन्हा कोपऱ्यातून, पुन्हा आत. मग स्वतःपेक्षा वीतभर उंच सेंटरसमोर पाय रोवून उभा राहिला, धक्का खाऊन पाठीवर आपटला आणि ऑफेन्सिव्ह फाउल मिळवला, म्हणजे चूक त्या सेंटरची ठरली आणि चेंडू आमचा. आम्ही एका गुणाने पुढे.

सगळं स्टेडियम उठायला हवं होतं. अर्धंच उठलं. माझ्यामागून एक गृहस्थ ओरडले, "अरे टाकू नको, टाकू नको!" तेही आमचेच, आमचीच जर्सी घातलेले, मोसमभर माझ्यामागे बसणारे, सभ्य माणूस. आणि महोदय, त्या मुलाने तिसरा शॉट घेतला तेव्हा चेंडू हवेत असताना क्षणभर मलाही वाटून गेलं की हा बाहेर जावा. कारण गेले दोन महिने रोज सकाळी गुणतक्ता मीही उलटा वाचत होतो. चेंडू रिंगला लागून बाहेर आला. मला हायसं वाटलं, आणि मग लाज वाटली.

भाचीने विचारलं, "मामा, आपण जिंकलो तर वाईट होणार का?"

ड्राफ्टच्या लॉटरीची व्यवस्था मी तिला समजावून सांगितली, जमेल तशी. जो जास्त हरतो त्याला चांगला नवा खेळाडू मिळण्याची शक्यता जास्त. ती म्हणाली, "मग हे आपल्याला तिकीट का देतात?" हा प्रश्न मी जसाच्या तसा आपल्याकडे पाठवतो आहे. उत्तर मला नको, तिला द्या.

पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. साडेतीन मिनिटं उरलेली असताना आमच्या कोचने टाइमआउट घेतला, त्या मुलाला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी पाच आठवडे कोर्टवर न उतरलेला एक खेळाडू पाठवला. मुलगा बेंचपाशी आला, असिस्टंट कोचला काहीतरी विचारलं. आम्ही नवव्या ओळीत, ऐकू आलं नाही. असिस्टंटने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नजर स्कोअरबोर्डकडे वळवली. आम्ही सात गुणांनी हरलो. दोन दिवसांनी त्याचा करार संपला. नियमाने दहा दिवसांचा आणखी एक करार देता आला असता, तो दिला नाही. त्या मुलाला राहायचं असेल तर चांगलं खेळावं लागणार होतं, आणि आपल्याला नेमकं तेच नको होतं.

बरं, हे सगळं कशासाठी? हिशेबच मांडतो. 2019 पासूनच्या पद्धतीत तळाच्या तिन्ही संघांना पहिला पिक मिळण्याची शक्यता सारखीच असते, प्रत्येकी 14 टक्के. खालून चौथ्याला 12.5. म्हणजे त्या मंगळवारी आपण दीड टक्क्यासाठी चौथा क्वार्टर विकलात. याच पद्धतीने 2019 ते 2025 या काळात सात सोडती झाल्या आणि त्यांतल्या एकाही वेळी सर्वांत वाईट कामगिरीच्या संघाला पहिला पिक लागला नाही. 2023 ला डेट्रॉइट, 2024 ला पुन्हा डेट्रॉइट, 2025 ला युटा, तिन्ही वेळा तळाचा संघ घसरून पाचवा. 2025 मध्ये पहिला पिक डॅलसला गेला, 1.8 टक्के शक्यतेवर. जुन्या काळीही हेच होतं. 1996-97 मध्ये बॉस्टन 67 सामने हरलं, सगळ्यांचा डोळा कॉलेजमधून येणाऱ्या टिम डंकनवर, आणि तो मिळाला सॅन अँटोनियोला, जे त्यांचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाल्यामुळे खाली घसरलेले होते. फिलाडेल्फियाने तर 2013 पासून तीन मोसमांत मिळून 199 सामने गमावले, आणि 2025 संपेपर्यंत तो संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे सरकला नव्हता. या वर्षी आपल्या हाती काय आलं? सहावा पिक. सोडत टीव्हीवर दाखवली तेव्हा आपल्या प्रतिनिधीचा चेहरा पाहून मला त्यांची कीव आली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर आपणच ती माझ्या तोंडावर फेकाल. 2023 च्या एप्रिलमध्ये डॅलसने शिकागोविरुद्ध आपले महत्त्वाचे खेळाडू बाहेर बसवले, प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांची, आशा शिल्लक असताना. लीगने त्यांना साडेसात लाख डॉलरचा दंड केला, पण पहिल्या दहाबाहेर गेला असता तर दुसऱ्या संघाला द्यावा लागणारा पिक त्यांच्याकडेच राहिला आणि पुढच्याच वर्षी ते अंतिम फेरीत खेळले. म्हणजे कधीकधी जमतं. जमो. पण दंड लीगच्या खात्यात गेला. त्या संध्याकाळी पैसे मोजून खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय, हे कुणीच विचारलं नाही. मी तो माणूस आहे, एवढंच माझं म्हणणं.

याच लीगमध्ये 1950 साली फोर्ट वेनने मिनियापोलिसला 19-18 असं हरवलं होतं. छपाईची चूक नव्हे, पूर्ण सामन्याचे गुण आहेत ते. समोर जॉर्ज मायकनसारखा सेंटर, म्हणून चेंडू हातात धरून वेळ काढायचा असं फोर्ट वेनने ठरवलं होतं. प्रेक्षक वैतागले. असल्या खेळावरचा उपाय म्हणून 1954 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा. न खेळणं ही अशी आपल्या आधीही कुणाला सुचलेली युक्ती आहे. तेव्हा तिच्यावर इलाज झाला होता, कारण तिकीट काढणारे लोक यायचे बंद होतील अशी भीती होती. आमच्याबद्दल आपल्याला ती भीती वाटत नाही, कारण आमचे पैसे आधीच जमा झालेले असतात.

किरकोळ तक्रारी दोन. तीस गुणांनी मागे असताना मोठ्या पडद्यावर 'आवाज वाढवा!' असं झळकवू नये, फार अपमान वाटतो. आणि न जमणाऱ्या सामन्यांची तिकिटं पुन्हा विकायची सोय मार्चभर आपल्या ॲपवर बंद पडलेली होती. योगायोग असेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. ट्रेडच्या मुदतीनंतर घरच्या मैदानावर झालेले सामने सराव सामन्यांच्या दराने धरावेत आणि फरक परत करावा. सराव सामन्यांना आपणच कमी दर लावता, तेव्हा तो आकडा शोधावा लागणार नाही. त्या मंगळवारचे चौथ्या क्वार्टरचे पैसे पूर्ण परत हवेत, दोन्ही खुर्च्यांचे. रक्कम अगदी थोडी होईल, मला कल्पना आहे. तरी चेक वेगळा काढावा आणि त्यावर 'चौथा क्वार्टर' असं लिहावं. पुढच्या मोसमात जो खेळाडू धडधाकट असूनही खेळणार नाही, त्याच्या नावापुढे दुखापत न लिहिता 'संघाचा निर्णय' असं लिहावं, आणि ते तिकीट परत करता येईल इतकं आधी कळवावं. दरवाढीचं मी काही म्हणत नाही. वरच्या तीन गोष्टी झाल्या तर वाढीव दर भरीन.

नूतनीकरणाचा अर्ज सोबत जोडला आहे, सही न करता. मुदत या महिन्याच्या 30 तारखेची आहे, तोवर खुर्च्या दुसऱ्या कुणाला देऊ नयेत. उत्तर लेखी पाठवावं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढंच लिहायचं असेल तर मात्र तसदी घेऊ नये, ते दोनदा येऊन गेलं आहे.

आणि एक खासगी विनंती, तिचा वरच्या मागण्यांशी संबंध नाही. तो दहा दिवसांवाला मुलगा सध्या कुठे खेळतो हे आपल्या कार्यालयात कुणाला ठाऊक असेल, तर कळवावं. भाची विचारते आहे. तिला त्याचा सामना बघायचा आहे, पूर्ण.

आपला,
सेक्शन 114, ओळ 9, खुर्ची 5 आणि 6