आई-बाबा, सोमवारी फोनवर मी खरं सांगितलं नाही

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
28 सप्टेंबर 2023, रात्रीचे अकरा

ति. आई-बाबांना सा. न.

आधी एवढं सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. माझी तब्येत ठीक आहे, घरात भांडण नाही, नोकरीही शाबूत आहे. सोमवारी सकाळी तुम्ही फोनवर "आवाज का असा येतोय गं?" म्हणून तीनदा विचारलंत आणि मी "काही नाही, ऑफिसचं जरा" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. आई, तू नंतर जावयाला वेगळा फोन करून खोदून विचारलंस, तेही कळलं. म्हणून हे पत्र. बाबांना मोबाइलच्या पडद्यावर वाचायची सध्या डॉक्टरांची परवानगी नाही, म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहितेय.

खरं कारण बेसबॉल. आमची सिएटलची टीम, मॅरिनर्स, टेक्सासला जाऊन लागोपाठ तीन सामने हरून आली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. तुम्हाला फोन लावला तेव्हा तिसरी हार होऊन काही तासच झाले होते. तुम्हाला सांगायची लाज वाटली. चाळिशीला आलेल्या, एका मुलीची आई असलेल्या बाईने एका खेळापायी जेवणावरची वासना घालवून बसावं, आणि तोही आपल्याकडे कोणी खेळत नाही असा खेळ!

पण मग मला चेन्नईचं चेपॉक आठवलं. 31 जानेवारी 1999, रविवार. आपल्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत वाड्यातली निम्मी माणसं टीव्हीसमोर. सचिन पाठदुखीने वाकत होता, तरी 136 पर्यंत गेला. तो बाद झाला तेव्हा 17 धावा हव्या होत्या, आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. आपण 12 धावांनी हरलो. बाबा, तुम्ही काही न बोलता उठलात, चपला घातल्यात आणि बाहेर पडलात. दिवेलागणीनंतर परत आलात. आईने पान वाढलं तर म्हणालात, "भूक नाही." रात्री मला झोपवताना एकच वाक्य बोललात, की चेपॉकवरचे लोक उभे राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवत होते, ते लक्षात ठेव. मी लक्षात ठेवलं. पण "भूक नाही" हेही लक्षात राहिलं, बाबा.

मॅरिनर्सचं माझं कधी जुळलं ते तुम्हाला मी नीट कधी सांगितलंच नाही. 2012 मध्ये मी इथे आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी करायची सोय नव्हती. हे सकाळी आठला गेले की संध्याकाळी सातपर्यंत घरात मी आणि खिडकीबाहेर पाऊस. तेव्हा तुम्हाला फोनवर "मजेत आहे" म्हणायचे. शेजारच्या आजींनी घर आवरताना एक जुना रेडिओ मला दिला होता. स्वयंपाक करताना माणसाचा आवाज हवा म्हणून मी तो लावायचे, आणि उन्हाळ्यात जवळजवळ रोज त्यावर बेसबॉल असायचं. 162 सामन्यांचा हंगाम, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. आधी एक अक्षर कळत नव्हतं. पण समालोचक ज्या संथ लयीत बोलायचे, मधेच हवा कशी आहे सांगायचे, जुनी आठवण काढायचे, तेव्हा तुम्ही बाळ पंडितांच्या मराठी समालोचनाबद्दल जे सांगायचात ते आठवायचं. डोळ्यांपुढे मैदान उभं राहायचं.

त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला, बुधवारी दुपारी, मी एकटीच होते. स्वातंत्र्यदिन आणि इथे कोणाला पत्ता नाही, म्हणून मन उदास होतं. कणीक मळत होते. रेडिओवर मॅरिनर्सचा फेलिक्स हर्नांडेझ टँपा बे विरुद्ध गोलंदाजी करत होता. (गोलंदाजाला इथे पिचर म्हणतात.) नऊपैकी सातव्या इनिंगनंतर समालोचकांचे आवाज बदलले. 27 फलंदाज आले आणि 27 परत गेले, एकही पहिल्या बेसपर्यंत (धाव पुरी करायला गाठायच्या चार टप्प्यांतला पहिला) पोचला नाही. त्याला परफेक्ट गेम म्हणतात. सामना 1-0. शेवटचा फलंदाज गेला तेव्हा माझ्या हातांना कणीक तशीच होती आणि मी एकटी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत होते. या गावात मला झालेला तो पहिला आनंद. तो फेलिक्स 15 वर्षं याच संघाकडून खेळला आणि एकदाही प्लेऑफला पोचला नाही. हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. 2001 साली मॅरिनर्सनी 116 सामने जिंकले होते, तो आकडा आजही कोणी ओलांडलेला नाही. त्यानंतर 21 वर्षं बाद फेरीचं दार उघडलं नाही. गेल्या वर्षी 30 सप्टेंबरला कॅल रॅलीने नवव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, होमरन (आपल्या षटकारासारखा) मारला तेव्हा उघडलं. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही पूजेला बसला होतात. मी "सहज केला" म्हणाले. सहज नव्हता. आणि मग 15 दिवसांनी ह्यूस्टनने आम्हाला 18 इनिंगच्या सामन्यात 1-0 ने हरवलं. नेहमीचा सामना नऊ इनिंगचा असतो, हा दोन सामन्यांएवढा चालला. सहा तासांहून जास्त, आणि सगळ्यात मिळून एक धाव. ती त्यांची.

म्हणून या वर्षी आशा मोठी होती. ऑगस्टमध्ये तर असं खेळले की 27 पैकी 21 सामने जिंकले. हुलिओ रॉड्रिगेज नावाचा 22 वर्षांचा मुलगा आहे, डोमिनिकन रिपब्लिकचा. त्याने चार सामन्यांत 17 हिट (चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचणं) मारल्या, आजवर कोणीच चार सामन्यांत एवढ्या मारल्या नव्हत्या. तुमच्या नातीने त्याचा 44 नंबर दप्तरावर रंगवून घेतला. सप्टेंबर लागला तेव्हा आम्ही गटात पहिले होतो.

आणि मग घसरण. बाबा, तुम्हाला वेगळं सांगायला नको, घसरण एका दिवसात दिसत नाही. एक सामना एका धावेने जातो, मग दुसरा तसाच. तिन्ही बेसवर माणसं उभी असतात आणि आमचा फलंदाज तीन चेंडू हुकवून परत येतो. त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. आमच्या संघाचे या हंगामात दीड हजारावर झालेत. मी स्कोअरकार्ड लिहिते ना, त्यात स्ट्राइकआउटला इंग्रजी के लिहायचा, आणि फलंदाजाने बॅट न हलवताच चेंडू जाऊ दिला असेल तर उलटा के. सप्टेंबरची माझी पानं उघडलीत तर सुलटे-उलटे के नुसते पसरलेले दिसतील. सगळ्यात जीव तुटतो तो उलटा के लिहिताना. मारून चुकला तर चुकला, पण उभं राहून बघत राहायचं?

राग एकाच गोष्टीचा येतो. जुलैच्या शेवटच्या दिवशी संघाने आपला शेवटची इनिंग टाकणारा पिचर, पॉल सीवॉल्ड, ॲरिझोनाला देऊन टाकला. बदल्यात तीन खेळाडू आले, आणि त्यातला जोश रोहास चांगला खेळतोय, ते मी मान्य करते. पण घरात लग्न निघालं असताना दारची गाय विकायची का? मग सप्टेंबरच्या सुरुवातीला टँपामध्ये आमचा पिचर जॉर्ज कर्बी दमलेला असताना सातव्या इनिंगला उतरला, त्याला होमरन बसला, आणि सामन्यानंतर तो बोलून गेला की मला पाठवायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. पंचवीस वर्षांचं पोर आहे, चेंडू टाकण्यात त्याच्याइतका नेमका कोणी नाही. इथले लोक आठवडाभर त्याला बोलत राहिले. मला मात्र त्याच्यात दमून गेलेला माणूस दिसला. संघच दमलाय, बाबा. मार्चपासून जवळजवळ रोज सामना, आठवड्याला दुसरं गाव.

काल ह्यूस्टनकडून 8-3 ने हरलो. त्यांचा पिचर हुलिओला बाद केल्यावर त्याच्या अंगावर ओरडत चालत गेला, दोन्हीकडचे खेळाडू मैदानात धावून आले. नात माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "आई, तो हुलिओला का ओरडतो?" मला उत्तर सुचलं नाही. तिला झोपवून मी बराच वेळ बाल्कनीत बसून होते. वाटलं, पुरे झालं, उद्या रेडिओ लावायचाच नाही.

पण आज अनंत चतुर्दशी. ऑफिसातून लवकर निघाले. आई, तू सांगितल्याप्रमाणे दहीपोह्यांचा नैवेद्य केला. आरती झाली, तोवर सामना सुरू झाला होता आणि नातीने मला न विचारताच रेडिओ लावला. आम्ही बाल्कनीत बादलीत विसर्जन करतो, तुम्ही फोटोत पाहिलंच आहे. शाडूचा गणपती पाण्यात ठेवला की लगेच विरघळत नाही. आधी बुडबुडे येतात, मग पावलांकडून माती सुटायला लागते, आणि सोंडेवरचा रंग पाण्यात धुरासारखा पसरतो. आम्ही तिघं बादलीभोवती बसलो होतो, आतून रेडिओ ऐकू येत होता. आम्ही 2-1 ने मागे. एकेक इनिंग संपत गेली आणि मूर्तीही उतरत गेली. मुकुट तेवढा बराच वेळ वर होता.

नववी इनिंग, शेवटची. दोन बाद. अजून एक बाद झाला असता तर खेळ खलास, आणि जवळजवळ हंगामही खलास. जे. पी. क्रॉफर्ड खेळायला आला. आमच्यातला जुना जाणता, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभा राहतो, कधी आरडाओरडा नाही. त्याने चेंडू मारला आणि समालोचकाचा आवाज चढला तो चढतच गेला. बेसवरचे आमचे दोघं धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आले. 3-2! नात "मोरया" म्हणून ओरडली, खालच्या मजल्यावरच्या दिव्यांची उघडझाप झाली, आणि मी, आई, ओल्या हाताने तोंड झाकून रडले. बाप्पाला निरोप देताना दर वर्षी डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे यांना वाटलं त्याचंच. दोन्हीचं होतं. आणि तुमचंही होतं. बाहेर लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजत असतील, तुम्ही दोघं या वर्षी गुडघ्यांमुळे गॅलरीतूनच बघत असाल, असं मनात आलं.

आता परिस्थिती सांगते, बाबा, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून. आज रात्रीपर्यंत टेक्सासचे 89 विजय, टोरांटोचे 88, ह्यूस्टनचे 87 आणि आमचे 86. बाद फेरीची शेवटची जागा सध्या ह्यूस्टनकडे आहे, म्हणजे आम्ही एका सामन्याने मागे. प्रत्येकाचे तीन सामने उरलेत. आमचे तिन्ही इथेच, घरच्या मैदानावर, टेक्सासशी. ह्यूस्टनचे ॲरिझोनात. म्हणजे आम्ही विकलेला सीवॉल्ड आता ह्यूस्टनला अडवायला उभा राहणार, आणि मी शुक्रवार ते रविवार त्याच्यासाठी प्रार्थना करणार.

हे जमेल असं मला वाटतं. 1995 साली ऑगस्टच्या सुरुवातीला मॅरिनर्स 13 सामन्यांनी मागे होती आणि शेवटी गट जिंकली. तेव्हा मी शाळेत होते आणि बेसबॉल हा शब्दही मला माहीत नव्हता. तरी ते रेडिओवर इतक्यांदा ऐकलंय की आपल्याच घरात घडल्यासारखं वाटतं. तेरा भरून निघतात तर एक का नाही?

उद्याचा सामना इथे संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी सकाळी साडेसातला, बाबांच्या दुसऱ्या चहाच्या वेळी. नातीला फोन करायला सांगेन, ती आजोबांना धावसंख्या कळवत राहील. हे पत्र पोचेल तोवर सगळं ठरून गेलेलं असेल. सोमवारी सकाळी मी फोन करीन तेव्हा आवाज कसा आहे ते पुन्हा विचारा, या वेळी जे असेल ते सांगेन.

एक आग्रह आहे. नोव्हेंबरात बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर हो म्हणाले की एप्रिलमध्ये या. आई, तिथे बसायला खुर्च्या आहेत, पाऊस आला तर छप्पर सरकून मैदानावर येतं, जिने चढायला नको म्हणून मी खालची तिकिटं काढीन. बाबा, तुम्ही नुसते माझ्या शेजारी बसा आणि मी स्कोअर लिहीन, जसं तुम्ही वहीत लिहायचात आणि मी शेजारी बसायची.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. आई, गुडघ्याला तेल लावून झाल्यावर लगेच ओट्यापाशी उभी राहू नकोस.

तुमची,
छकुली

ता. क. : सोबत आजच्या सामन्याचं स्कोअरकार्ड ठेवलंय. क्रॉफर्डचा चौकोन सगळ्यात शेवटी, उजवीकडे आहे. तिथे बोटाचा जो करडा ठसा उमटलाय तो शाडूचा आहे, पुसू नका.